कलमाची गाठ

ऑगस्ट सरता सरता मीच बांधली होती ही गाठ,
डॉगरिजच्या खुंटावर सोनाकाची काडी,
जमिनीपासून बरोबर एक वीत.
वीत माझीच. तेव्हा बोटं सरळ होती.

नान्नजच्या वरच्या अंगाला, बरडाच्या उतारावर
दिवसाला दोनशे कलमं व्हायची,
दातात प्लॅस्टिकची पट्टी, खिशात चाकू,
आणि मागून रेवणसिद्धअण्णा:
"सैपन, गाठ मातीला लागू देऊ नको बरं का."

लागली नाही.
चोवीस वर्षांत मातीच गाठीपासून दूर गेली.

त्याआधी इथं ज्वारी होती, मालदांडी.
उताराला आडवे सहा ताल,
तालांवर पवना, मारवेल, पायाला टोचणारी कुसळं.
बाग लावायची ठरली तेव्हा तेच आडवे आले.
ट्रॅक्टरला ओळ सरळ लागते, वरून खाली,
ब्लोअर वळवायला जागा लागते.
दीड दिवसात सहाही मोडले.
मी होतो तिथं. चहा पीत होतो.

मग बाग कशी, तर आरशासारखी.
काडीभर गवत दिसलं तर शेजारी हसायचे,
म्हणून तणनाशक, वर्षातून तीनदा.
हस्ताचा पाऊस यायचा तो छाटणी झाल्यावर,
वर पान नाही, खाली मूळ नाही,
दोन ओळींमधून पाणी धावायचं
मी प्यालो होतो त्या चहाच्या रंगाचं.

एका पावसात जाते ती नाण्याच्या जाडीइतकी.
नाण्याला कोण विचारतो?
पेटीला भाव होता तेव्हा.

खाली ओढ्याकाठी कलावती गवसानेचं रान.
तिची विहीर दर दोन वर्षांनी उपसावी लागायची.
"अण्णांची बाग माझ्या विहिरीत उतरलीय," ती म्हणायची,
"घड तेवढे कुठं दिसेनात."
आम्ही हसायचो. तीही हसायची,
पण गाळाच्या टोपल्या मोजून.

अण्णा गेले. सातबारा सुनेच्या नावावर झाला,
क्षेत्र तेवढंच: एक हेक्टर साठ आर.
कागदावर जमिनीला जाडी नसते.
तलाठ्याचा उतारा
उताराबद्दल काही सांगत नाही.

सांगते ती गाठ.
परवा शोभावतीनं बोलावलं, म्हणाली, "काका, मोजा."
गुडघा टेकून खुंटाला हात लावला.
एक वीत.
दुसरी वीत.
वर चार बोटं.
शेवटच्या ओळीत तर मोजायचंच राहिलं,
तिथं मुळ्या उघड्यावर,
पिंडरीवर शिरा याव्यात तशा,
आणि मधोमध मुरूम, पांढरा, दात दाखवणारा.

ती काही बोलली नाही.
मीही नाही. सहा ताल आठवत होतो, एकेक.

मग वरची अर्धी बाग काढली.
ताल परत घातले, चारच जमले,
त्यांच्यावर मारवेलची ठोंबं लावली.
कलावतीच्या ओढ्यातून गाळ आणला, साठ ट्रॉल्या.
माती परत आली खरी, पण चाळलेल्या पिठासारखी,
खडे विसरलेली, कुठली होती तेही.
साठ ट्रॉल्यांत तीन ओळी भरल्या. तीनच.

खाली नव्या ओळी, आता आडव्या.
कलमं मीच बांधतोय,
पण बोटं वाकलीत, वीत आखूड झालीय.
म्हणून शोभावतीच्या अंबिकाची वीत घेतली.
नववीत आहे. हात लांब, नखांत गाळ.
तिनं प्रत्येक दहाव्या खांबावर
माती जिथं टेकते तिथं खिळ्यानं रेघ मारली,
खाली तारीख. अक्षर वाकडं, पण खोल.

"काका, ही रेघ कधी बघायची?"
"दर हस्त झाला की."
"आणि वर गेली तर?"
"रेघ कुठं जात नाही गं," मी म्हणालो,
आणि पुढचं सांगायचं राहिलं.

मारवेल अजून बोटभरच आहे.
रस्त्यावरून कुणीतरी मोटरसायकल थांबवून विचारलं,
बाग लावलीय का कुरण?
मी चाकू पँटला पुसला,
पुढचा खुंट धरला.